सिंबल काळं पडलं म्हणून लगेच चिंच भिजवू नका

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावच्या भजन-ऑर्केस्ट्रा मंडळाने नागपूरहून जुना ड्रमसेट आणला. त्यासोबत सिंबलं, म्हणजे ड्रमच्या पातळ मोठ्या झांजा आल्या: 14 इंची हायहॅटची जोडी (पायाने एकमेकांवर आपटणारी), 16 इंची क्रॅश (एका जोरदार घावाचं) आणि 20 इंची राइड (काडीने ठेका धरायचं). सगळी काळपट, आणि हायहॅटच्या खालच्या पानावर हिरवे डाग. आई म्हणते चिंच लाव, मंडळातले म्हणतात पितांबरीने घासू, आणि बँडमधला एक मित्र सांगतो की अजिबात हात लावू नको, काळ्या सिंबलचाच आवाज चांगला. कोजागिरीचा कार्यक्रम पंधरा दिवसांवर आहे. काय करू?

माझं उत्तर असं: मळ काढा, रंग काढू नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक सिंबलं या दोघांत गल्लत झाल्यामुळेच बिघडतात.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागातल्या नाटकांना आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्राला 27 वर्षं ड्रम वाजवतो. झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या नाटकांच्या मुलखाचा, हंगाम कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. भाऊबीजेपासून मंडई म्हणजे गावजत्रा सुरू होते, मग शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि होळीपर्यंत आज या गावी तर उद्या त्या गावी. रात्रभर उघड्यावर नाटक, पहाटे सगळ्या सामानावर दव, मग तेच ओलं सामान गाडीत भरून मातीच्या रस्त्याने पुढच्या गावाला. सिंबलांचे जेवढे हाल होऊ शकतात तेवढे आमच्याकडे होतात. तरी माझं एक क्रॅश 19 वर्षं टिकलं आहे. ते चमकत नाही, पण वाजतं.

आधी तुमची सिंबलं कशाची आहेत ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. चांगली सिंबलं काशाची असतात, म्हणजे तांबं आणि कथील. उत्तम प्रतीच्या काशात साधारण 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील असतं. मधल्या प्रतीत 92 टक्के तांबं आणि 8 टक्के कथील. शिकाऊ सेटसोबत येणारी स्वस्त सिंबलं मात्र बहुधा पितळेची असतात, म्हणजे तांबं आणि जस्त, त्यात तांबं अनेकदा 63 टक्क्यांच्या आसपास. ओळखायला सोपं आहे. मधल्या घुमटाच्या खालच्या बाजूला, जिथे मळ कमी असतो, तिथे उजेडात बघा. पितळ समईसारखं पिवळं दिसतं, कासं जरा तांबूस. वाजवून बघितलं तर पितळेचा आवाज ‘टण्ण’ करून लवकर संपतो, काशाचा पसरत जातो. भंडाऱ्याच्या कासारांकडे जाणं-येणं असेल तर त्यांच्या हातात द्या, ते नखाने टिचकी मारूनच सांगतात.

हे कासं फार जुन्या विद्येचं काम आहे. 1623 मध्ये इस्तंबूलला अवेदिस झिल्जियन याने सिंबलांचा कारखाना काढला. त्या आडनावाचा अर्थच ‘झांजा करणाऱ्याचा मुलगा’ असा आहे, आणि ती कंपनी आजही सिंबलं बनवते. लोखंड तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं हे आपल्या लोहाराकडे बघून आपल्याला माहीत असतं. जास्त कथिलाचं कासं याच्या उलट वागतं. लाल करून हळूहळू थंड होऊ दिलं तर ते काचेसारखं ठिसूळ होतं, आणि झटकन पाण्यात बुडवलं तरच घण सोसण्याइतकं नरम राहतं. त्यानंतर ठोकून आकार द्यायचा, मग खरादावर चढवून बारीक चरे पाडायचे. तुमच्या सिंबलवर नख फिरवा, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या गोल गोल रेषा लागतील. त्या शोभेसाठी नाहीत. पत्रा कुठे किती जाड राहावा, लहर कशी पसरावी, हे त्या रेषांनी ठरतं.

आता तुमच्या मित्राच्या बोलण्याबद्दल. काळ्या सिंबलचा आवाज चांगला, हे अर्धं खरं आहे. हवेने जो तपकिरी-काळपट रंग चढतो तो इतका पातळ थर असतो की आवाजावर त्याचा परिणाम जवळपास नसतो. उलट तो खालच्या धातूला थोडा सांभाळतो. म्हणून त्याला हात लावू नका, इथपर्यंत मित्राचं बरोबर आहे. पण चऱ्यांमध्ये बसलेली माती, घाम, काडीच्या लाकडाचा भुगा, जनरेटरच्या धुराची काजळी आणि टेपचा चिकटा, हे वेगळं. हा मळ ओल्या कापडासारखा काम करतो. वरचा झणझणीत आवाज आधी जातो आणि सिंबल बसल्यासारखं वाटतं. लोक त्याला ‘आवाज पिकला’ म्हणतात. माझ्या मते तो पिकलेला नसतो, दबलेला असतो. धुण्याआधी एकदा आणि धुतल्यावर एकदा त्याच काडीने, त्याच जागी, तेवढ्याच जोराने मारून बघा. तुमचे कान तुम्हाला सांगतील.

मी हे शिकलो ते नुकसान करून शिकलो, म्हणून तेही सांगतो. विशीत असताना ज्या उस्तादांच्या हाताखाली होतो त्यांचं 20 इंची राइड मी त्यांना न विचारता ‘साफ’ केलं. दिवाळी जवळ आली होती, घरी पितळी भांडी घासणं चाललं होतं, म्हटलं उस्तादांना खूश करू. लिंबू, मीठ आणि चुलीतली राख घेऊन आंगणात बसलो आणि दोन तास घासलं. सोन्यासारखं निघालं. धुऊन पोत्यावर उन्हात ठेवलं आणि जेवायला गेलो. परत आलो तर मधे मधे गुलाबी डाग आले होते, कंपनीचं नाव पुसलं गेलं होतं, आणि काडी जिथे नेहमी पडायची तिथल्या रेषा बोटाला लागेनाशा झाल्या होत्या. रात्री नाटकात ते राइड वाजलं तेव्हा काडीचा जो स्वच्छ ‘टिक टिक’ यायचा तो उरला नव्हता, नुसता पसारा ऐकू येत होता. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी माझं बोट धरून आधी त्या गुळगुळीत झालेल्या जागेवर फिरवलं, मग त्यांच्या क्रॅशवर फिरवलं, आणि म्हणाले, “समजलं का बावा, काय नेलंस ते?” मला आजही तो फरक बोटाच्या टोकाला आठवतो.

त्यात तीन चुका होत्या. राखेत वाळूचे बारीक कण असतात, त्यांनी चरे झिजले. लिंबाच्या आंबटाने वरचा थर विरघळला, आणि धातूत जस्त असेल तर आंबटाने आधी जस्त निघतं आणि तांबं मागे राहतं, म्हणून गुलाबी डाग. तिसरी चूक सगळ्यात वाईट, ती म्हणजे मीठ. मिठातलं क्लोराइड चऱ्यांमध्ये राहिलं तर दमट हवेत ते धातूला आतून खात राहतं. वरून कितीही पुसा, काही आठवड्यांनी हिरवं पुन्हा त्याच जागी येतं.

याच कारणाने पितांबरीलाही माझा नकार आहे. समईला, तांब्याला, घंटीला ती उत्तमच, आमच्याही घरी असते. पण ते भांडं जाड असतं, त्याला चरे नसतात, आणि वर्षातून चार वेळा त्याचा जरासा थर गेला तरी आतलं पाणी तसंच राहतं. भजनातल्या टाळांचंही तसंच, टाळ जाड असतो, तो चिंचेने घासलेला चालतो. खंजिरीच्या चकत्यांनाही एखाद्या वेळेस काही होत नाही. ड्रमच्या सिंबलचा काठ मात्र अनेकदा एक मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यातून काही काढणं परवडत नाही. घासणी, तारेची गुंडाळी, दंतमंजन, टूथपेस्ट, हे सगळं त्याच कारणाने नको. आणि ड्रिलला बफ लावून चमकवून देतो असं कोणी म्हणालं तर सिंबल उचलून घरी आणा. एकाच जागी घर्षणाने पत्रा इतका तापू शकतो की तिथलं पाणी, म्हणजे धातूचा कणखरपणा, उतरतं, आणि पाणी उतरलेलं कासं पुन्हा घरी कोणी बसवू शकत नाही.

आता करायचं काय ते. दुपारची निवांत वेळ घ्या. सिंबल स्टँडवरून काढा, कारण स्टँडवर असताना घासलं की दाब मधल्या भोकावर येतो. आंगणात नको, सिमेंटवर तर नकोच. सपरीत, म्हणजे ओसरीत, एक जुनी गोधडी चार घड्या करून अंथरा आणि त्यावर सिंबल उपडं ठेवा, म्हणजे आधी खालची बाजू होते आणि काही चुकलं तर ते दिसत नाही. बादलीत कोमट पाणी घ्या, त्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे पाच-सहा थेंब. वडीसाबण नको, त्याचा राखी चिकट थर चऱ्यात बसतो. कापड म्हणून आईच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा सगळ्यात चांगला, धुऊन धुऊन तो इतका मऊ झालेला असतो की बाजारातलं कुठलंही महाग कापड त्याच्यापुढे टिकत नाही. लुगड्याला जरीचा काठ असेल तर तेवढा भाग कापून टाका.

कापड पिळून घ्या आणि चऱ्यांच्या दिशेने गोल फिरवा. घुमटाकडून काठाकडे आडवं ओढू नका, त्याने मळ चऱ्यात आणखी दाबला जातो. पहिल्या फेरीत फक्त ओलं करायचं. पाच मिनिटं तसंच ठेवा, मळ फुगतो. दुसऱ्या फेरीत बोटाने हलका दाब द्या. कापड काळं निघेल, तोच तुमचा दबलेला आवाज. काळ्या रेघा काडीच्या असतात, त्या साबणाने बऱ्याच जातात. न गेलेल्या राहू द्या. कंपनीच्या नावावरून एकदाच हलकं फिरवा, ती शाई असते, धातूत कोरलेली नसते.

जुन्या सेटवर टेपचा चिकटा हमखास असतो, कारण आवाज दाबायला लोक ब्राउन टेप लावतात आणि उन्हाळ्यात तो वितळून बसतो. त्याला पातळ खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवा, मग नखाने नाही, कापडाने काढा, आणि नंतर साबणाने दोनदा पुसा, नाहीतर तेलावर धूळ बसेल. थिनर वापरू नका. काही सिंबलांवर कारखान्यातूनच पारदर्शक लेप असतो, तो थिनरने उतरतो. लेप आहे की नाही ते असं ओळखा: काळेपणा सगळीकडे सारखा नसून फक्त ओरखड्यांच्या रेषेत आणि ठिपक्यांत आला असेल तर लेप आहे, आणि तो तिथे फाटला आहे. अशा सिंबलला साबण-पाण्यापलीकडे काहीच लावायचं नाही.

शेवटच्या पुसण्याचं पाणी फार महत्त्वाचं. तुमच्याकडे विहिरीचं पाणी बरं असेल, पण हे उत्तर अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातला कोणी वाचत असेल तर त्याने बोअरचं पाणी सिंबलला अजिबात लावू नये. पूर्णेच्या खोऱ्यातलं भूजल खारं आहे, आणि मी वर मिठाबद्दल जे सांगितलं तेच तिथे नळातून येतं. गाळलेलं पिण्याचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या, एक तांब्या पुरतो. मग लगेच कोरड्या कापडाने दोन्ही बाजू, घुमटाची आतली खोबण आणि मधल्या भोकाची कड, सगळं पुसा. ‘उन्हात वाळेल’ म्हणून सोडू नका. आपल्या 45 अंशांच्या उन्हाने काशाला काही होत नाही. पाणी वाळताना मागे जे सोडून जातं त्याने होतं.

हिरव्या डागांचं वेगळं. तो नुसता रंग नाही, तिथे धातू खाल्ला जातो आहे, म्हणून ते काढलेच पाहिजेत. तुमच्या खालच्या हायहॅटवर तेच दिसतं, आणि तिथेच का, तर दोन पानांमधली ओल बाहेर पडत नाही आणि वादकाचा घामही तिथे उतरतो. आधी बांबूच्या काडीचं टोक ठेचून मऊ करा आणि त्याने कोरडी हिरवी भुकटी झटका. तोंडाला फडकं बांधा, ती भुकटी पोटात जाणं चांगलं नाही. लोखंडी टोक वापरू नका. उरलेल्या डागावर कापसाच्या बोळ्याने लिंबाचा रस, बिनमिठाचा, फक्त डागापुरता, एक मिनिट. त्यानंतर चमचाभर खाण्याचा सोडा पेलाभर पाण्यात घालून त्याने पुसा म्हणजे आंबट मरतं, मग साधं पाणी, मग कोरडं. ती जागा आजूबाजूपेक्षा उजळ दिसेल. दिसू द्या, दोन पावसाळ्यांत सारखी होते. आईचं चिंचेचं म्हणणं इथे, एवढ्या डागापुरतं, खरं ठरतं. चिंच आणि लिंबू दोन्ही आंबटच.

धुण्यापेक्षा मोठी गोष्ट ठेवण्याची आहे, आणि याबद्दल कोणी विचारत नाही. गावात मंडळाचं सामान कुठे असतं? कोणाच्या तरी ढोरांच्या कोठ्याजवळच्या खोलीत, युरियाच्या पोत्यांशेजारी. हे पितळी सिंबलला सगळ्यात घातक आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. ती पावसाळाभर घोड्यांच्या तबेल्यात साठवलेली असत. 1921 मध्ये त्याचं कारण कळलं: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि ठोकून-ओढून केलेल्या पितळेत दबून राहिलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की पत्रा फाटतो. सिंबलही ठोकून केलेलं असतं, ताण त्यातही असतो. ढोरांच्या कोठ्यात तोच अमोनिया असतो, आणि ओलसर झालेल्या युरियातूनही तो निघू शकतो. काशाला हा धोका पितळेपेक्षा बराच कमी, पण तुमच्या सेटमधलं एखादं सिंबल पितळेचं निघण्याची शक्यता आहे. पितळ चमकवायच्या काही द्रव पॉलिशमध्येही अमोनिया असतो, ते नको म्हणण्याचं हे आणखी एक कारण. सामान घरातल्या कोरड्या खोलीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नाही, त्यात ओल कोंडते. जुन्या सतरंजीची पिशवी शिवा आणि दोन सिंबलांमध्ये एक कापड घाला. काठावर उभी करून भिंतीला टेकवून ठेवू नका. जमिनीची ओल आणि सगळं वजन, दोन्ही काठावरच येतं.

आणि रोजचं एकच काम: कार्यक्रम संपला की कोरड्या फडक्याने दोन्ही बाजू पुसून मगच पिशवीत. दव पडलं असेल तर आधी ते टिपून घ्या. याला पाच मिनिटं लागतात. सिंबल धरायचं ते काठ दोन तळव्यांमध्ये घेऊन, पानावर बोटं टेकवून नाही. आमच्या पोट्ट्यांना मी एक नियम घातला आहे: खर्रा घोटलेल्या हाताने सिंबलला शिवायचं नाही. चुना आणि तंबाखू लागलेल्या बोटाचा ठसा क्रॅशवर एका पावसाळ्यात पक्का बसलेला मी बघितला आहे, आंगठ्याच्या रेषांसकट, आणि तो साबणाने निघाला नाही. असं रोज पुसलं तर साबण-पाण्याची पाळी वर्षातून दोनदा येते, एकदा हंगाम संपल्यावर आणि एकदा दिवाळीच्या आधी.

तुमच्यासाठी पंधरा दिवस भरपूर आहेत. सगळं एका दिवशी करू नका. पहिल्या दिवशी फक्त राइड धुवा, आवाज ऐका, हात बसू द्या. हायहॅट शेवटी घ्या.

धुताना एक काम आपोआप होतं, ते लक्ष देऊन करा. ओलं सिंबल खिडकीच्या उजेडात तिरपं धरून काठ पूर्ण फिरवून बघा, नखही फिरवा. केसाएवढी चीर असेल तर तिच्यात पाणी अडकतं, आणि सिंबल पुसून कोरडं झाल्यावरही ती ओली रेघ दिसत राहते. कोरड्या मळात ही चीर कधीच दिसत नाही. मधलं भोकही बघा. ते गोल आहे की एका बाजूने लांबट झालं आहे? लांबट झालं असेल तर स्टँडच्या दांड्यावरची प्लास्टिकची नळी गेली आहे आणि लोखंड सरळ कासं खातं आहे. नळी दहा-वीस रुपयांची गोष्ट आहे. ती मिळेपर्यंत सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा किंवा सलाइनच्या नळीचा तुकडा घाला, खालीवर फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या ठेवा, आणि वरचा नट इतका सैल ठेवा की काडी लागल्यावर सिंबल मोकळं डोलेल. आवळून बसवलेलं सिंबल सगळा मार काठावर घेतं आणि तिथूनच फाटतं.

चीर सापडलीच तर घाबरू नका, पण त्याच रात्री वाजवूही नका. चिरेच्या टोकाला मार्करने बारीक खूण करा, तारीख लिहा, आणि त्यानंतरचे दोन कार्यक्रम कमी जोराने वाजवा. खुणेच्या पुढे गेली असेल तर चीर संपते तिथे, टोकाच्या जरा पुढे, तीन मिलिमीटरचं भोक पाडून घ्यावं लागतं म्हणजे ती पुढे पळत नाही. ड्रिल हळू, खाली लाकूड, आणि थेंब थेंब पाणी टाकत, तापू न देता. फोटो पाठवला तर कुठे पाडायचं ते मी खूण करून सांगेन.